कानात शिरणारं वारं

चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या सकाळी सायकलवाल्यांची वर्दळ असते. त्यांच्यात पळणारे असतात, ताम्हिणीला निघालेले दुचाकीवाले असतात, आणि बहुतेकांच्या कानात काही ना काही अडकवलेलं असतं. गावांच्या आडोशानं जाईपर्यंत सगळं ठीक चालतं. पुढे मोकळा माळ लागला, जलाशयाचं पाणी दिसू लागलं, की गाण्याच्या जागी नुसती घरघर सुरू होते. मग माणूस पहिल्यांदा काय करतो, तर आवाज वाढवतो. या सगळ्या प्रश्नातला सर्वात वाईट उपाय तोच आहे, आणि तो टाळता येतो. या घरघरीवर बाजारात काय मिळतं, घरात आधीपासून काय पडलेलं आहे आणि त्यातलं कशाचं किती चालतं, याचा हा आढावा.

मुळशी तालुक्यात हा प्रश्न सगळ्या रूपांत भेटतो. पूर्वेच्या टोकाला हिंजवडी, माण, मारुंजी. तिथं कंपनीच्या इमारतीखाली उभं राहून कानातल्या बड्सवरून मीटिंग उरकणारे हजारो लोक. पश्चिमेला ताम्हिणी, अंधारबन, घनगड, कोरीगड. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळतो, वर चढतो आणि खिंडींमधून दाटीनं आत घुसतो. घाटमाथ्यावर काही ठिकाणी तर कड्यावरून पडणारं पाणी तो उलटं वर फेकतो. उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेकडून पुण्याच्या दिशेनं वारा सुटतो, आणि धरणाच्या पाण्यावर त्याला अडवायला झाड नाही की घर नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. ट्रकचा आवाज ट्रककडून येतो, कारखान्याचा कारखान्याकडून. वाऱ्याची घरघर मात्र दूर कुठून येत नाही; ती आपल्या कानाशीच तयार होते. वाहती हवा कानाच्या पाळीला, बडच्या कडेला, वायरीला अडते. अडथळ्याच्या मागं तिचे भोवरे सुटतात, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. प्रत्येक भोवऱ्याबरोबर कानापाशी हवेचा दाब किंचित चढतो आणि उतरतो. कानाचा पडदा या चढउताराला आवाज समजतो. म्हणून आडोशाला उभं राहिलं की घरघर थांबते आणि मान थोडी फिरवली की तिचा पोत बदलतो, एक कान शांत होतो, दुसरा भणभणू लागतो.

स्त्रोहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञानं 1878 साली तारेवरून जाणाऱ्या वाऱ्याच्या शिळेचा अभ्यास केला. त्यातून निघालेला ढोबळ हिशोब असा: वाऱ्याचा वेग वस्तूच्या जाडीनं भागायचा आणि 0.2 नं गुणायचं, की भोवरे सेकंदाला किती वेळा सुटतात ते कळतं. ताशी 36 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 10 मीटर. इअरफोनची वायर 2 मिलिमीटर जाड धरली तर उत्तर येतं 1000 हर्ट्झ. वायरीची ती बारीक शीळ हीच. बडचा बाहेर आलेला भाग 2 सेंटिमीटर धरला तर 100 हर्ट्झ, आणि कानाच्या पाळीचा 3 सेंटिमीटरचा उंचवटा धरला तर 67 च्या आसपास. कान काही गुळगुळीत दांडा नाही, वाराही एका वेगानं वाहत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात एक स्वच्छ सूर न येता खालच्या पट्टीतली विस्कळीत गडगड येते. पण ती नेमकी कुठं येते ते या आकड्यांवरून दिसतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची जोडी 138 हर्ट्झच्या जवळ लागते आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर. म्हणजे वारा बरोबर तंबोऱ्याच्या जागेवर येऊन बसतो. विलंबित ख्याल ऐकत धरणाच्या काठानं चालणाऱ्याला तान ऐकू येते, पण आलापाखालचा सगळा आधार हरवतो, तो यामुळे.

इतकंच झालं असतं तर खर्ज सोडून बाकीचं ऐकता आलं असतं. पण आपल्या कानाची घडण अशी आहे की खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या लहान आवाजांना झाकून टाकतो. उलट मात्र तितकंसं होत नाही. त्यामुळे घरघर 100 हर्ट्झची असली तरी बातम्या सांगणाऱ्या बाईंची व्यंजनं हरवतात आणि वाक्य अर्धवट कळतं.

वेग वाढला की हे सगळं फार झपाट्यानं चढतं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या कानाच्या डॉक्टरांनी सायकलस्वाराच्या कानाशी मायक्रोफोन लावून मोजणी केली होती. ताशी 24 किलोमीटरला सुमारे 85 डेसिबल आणि ताशी 97 किलोमीटरला सुमारे 120. वेग चौपट झाला आणि 35 डेसिबल वाढले. म्हणजे वेग दुप्पट होताना 17-18 डेसिबलची भर. ताशी 24 हा काही शर्यतीचा वेग नव्हे. पौड ते मुळशी सपाटीवर बरा सायकलवाला त्या वेगानं सहज जातो, आणि समोरून वारा असेल तर कानाला लागणारा वेग त्याहून जास्त. कामाच्या जागेसाठी 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा अनेक ठिकाणी मानतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात जेमतेम 15 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना गाणी ऐकण्यासाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबलची शिफारस करते. आता वाराच 85 वर असताना गाणं ऐकू यावं म्हणून ते त्याच्या वर नेलं, तर कानाचा हिशोब कुठं जाईल ते कुणीही मांडू शकेल. मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते या कारणासाठी. घरघर त्रासदायक आहे हे खरंच, पण तिच्यावर मात करायला आपण जे करतो त्यानं कान जातात, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आता उपाय. जाहिरातीत सर्वात पुढं असतो तो एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट यंत्रानं पुसणं. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस 1978 साली झ्युरिकहून बोस्टनला विमानानं जात होते, इंजिनाच्या घरघरीत त्यांना हेडफोनवरचं संगीत ऐकू येईना, आणि त्या प्रवासातच त्यांनी हिशोब मांडायला घेतला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट 1989 साली बाजारात आला. तंत्र असं: बडच्या बाहेर बसवलेला मायक्रोफोन येणारा आवाज टिपतो, आतली चिप त्याची बरोबर उलटी लाट तयार करते, आणि दोन्ही एकमेकींना मारतात. विमानाची, एसटीची, एसीची एकसुरी घरघर यानं छान जाते.

वाऱ्यासमोर मात्र हेच तंत्र उलटतं. बाहेरच्या मायक्रोफोनच्या बारीक भोकावर वारा आदळतो, तिथं त्याचे स्वतःचे भोवरे तयार होतात. हे भोवरे त्या भोकापुरते असतात. आत पडद्याजवळ तसं काही घडतच नसतं. चिपला हे कळत नाही. ती प्रामाणिकपणे उलटी लाट बनवते आणि स्पीकरमधून आत सोडते. मारायला समोर काही नसतं, म्हणून ती लाट हाच आवाज होतो. म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेलं यंत्र वाऱ्याचा आवाज कानात तयार करून देतं. चांगल्या महागड्या बड्सवर ताम्हिणीत धडधड ऐकू आली तर बिघाड समजून दुकानात धाव घेऊ नका. आधी एएनसी बंद करून पाहा. बाहेरचं ऐकू देणारा पारदर्शक मोड तर याहून वाईट, कारण तो बाहेरच्या मायक्रोफोनचं सगळं मुद्दाम आत आणतो.

कंपन्यांना हे ठाऊक आहे. सोनीच्या ॲपमध्ये वाऱ्याचा आवाज कमी करण्याचा वेगळा पर्याय असतो. त्यात गोंगाट पुसण्याचं बाहेरच्या मायक्रोफोनवर चालणारं काम आवरतं घेतलं जातं. गुगलच्या पिक्सेल बड्स प्रोमध्ये मायक्रोफोनवर वारा अडवणारी जाळी बसवली आहे. जाळीचा उपाय मला जास्त पटतो, कारण तो वाऱ्याला जिथं आवाज बनतो तिथंच गाठतो. स्वस्तातल्या बड्समध्ये या दोन्ही गोष्टी बहुधा नसतात. तिथं एएनसी बंद ठेवणं हा बिनखर्चाचा आणि खात्रीचा मार्ग.

खोक्यावरच्या आणखी एका शब्दाबद्दल सावध राहावं. ईएनसी असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, आणि विकणारा तेच एएनसी असल्यासारखं सांगतो. ईएनसी आपल्यासाठी नाही. आपण फोनवर बोलत असताना पलीकडच्या माणसाला आपल्याभोवतीचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून ती सोय असते. गाणं ऐकताना तिचा काडीचा उपयोग नाही.

यंत्राच्या आधी येतं कापड, आणि माझ्या मते या प्रश्नाचं सर्वात चांगलं उत्तर तिथंच आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या ध्वनिमुद्रणाच्या विद्यार्थ्याला बाहेर चित्रीकरणाला जाताना जी गोष्ट विसरून चालत नाही ती म्हणजे मायक्रोफोनवर चढवायची केसाळ झूल. आत जाळीचा पोकळ सांगाडा, त्यात मायक्रोफोन, आणि वरून लांब केसांचं कापड. वारा केसांत शिरतो, त्याचा जोर तिथं विरतो, आणि आत मायक्रोफोनभोवती जवळजवळ स्थिर हवेचा थर राहतो. भोवरे होतात ते सांगाड्याच्या बाहेरच्या अंगावर, मायक्रोफोनपासून दूर. आवाजाच्या लाटा मात्र कापडातून विनासायास आत येतात. कानासाठी हवं ते हेच: वारा अडेल, आवाज अडणार नाही आणि कानापाशी थोडी थांबलेली हवा राहील.

मुळशी-मावळातल्या जुन्या माणसांकडे हे होतंच. पावसात ढोरांमागं फिरणारा धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो. जाड, खरबरीत, केसाळ लोकर दोन्ही कानांवरून खाली येते. शेतकऱ्याचं मुंडासं कानाच्या वरच्या कडेवरून जातं. हिवाळ्यात पौडच्या स्टँडवर पहाटे दिसणारी माकडटोपी याच जातीची. पुण्यात स्कूटरवरच्या मुली डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळतात तो धूळ आणि उन्हासाठी, पण त्याखाली घातलेल्या इअरफोनवर वारा जवळपास ऐकू येत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. सायकलवाल्यांसाठी परदेशात हेल्मेटच्या पट्ट्यांवर गुंडाळायचे केसाळ तुकडे मिळतात. आपल्याकडे लोकरीची कानपट्टी किंवा गळ्यातला बफ वर ओढून कानांवर घेतला तरी काम होतं. मी हे सगळं आलटून पालटून वापरलं आहे. विणलेली, सैल पोताची लोकर सर्वात चांगली. सुती बफ मध्यम. पावसाळी जॅकेटची टोपी सर्वात वाईट, कारण वारा अडतो खरा, पण ते प्लास्टिकचं कापड कानाशी करकरत राहतं. आणि कापडाचं मोकळं टोक फडफडू देऊ नका, ते बडवर आपटलं की नवा त्रास सुरू.

कापडाखालोखाल बडची बसणी. रबरी टोप्या खोक्यात तीन मापांच्या येतात, आणि बहुतेक जण मधलं माप घालून बाकीच्या फेकून देतात. दोन कानांना दोन मापं लागू शकतात. टोपी नीट बसली की आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटतो आणि गाण्यातला खर्ज भरून येतो. तसं झालं नाही तर फट राहिली आहे. मेमरी फोमच्या टोप्या आणखी चांगल्या. त्या बोटांनी दाबून बारीक करायच्या, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, आत सारायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. रबरी टोपी नसलेले, कानात नुसते टेकणारे बड्स वाऱ्यात सर्वात हलके पडतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारावी तसा वारा त्या फटीवरून जातो आणि कान वाजू लागतो.

वायरवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. वायर कानाच्या वरून मागं घेऊन मानेपाशी खाली सोडली आणि शर्टाच्या आत घातली, की शीळही जाते आणि कपड्यावर घासण्याची खरखरही. नेकबँडची वायर कॉलरच्या आत गेली तर उत्तम.

पण कान घट्ट बंद करण्याला मोठी किंमत आहे, आणि ती या रस्त्यावर विशेष आहे. पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक, सुट्टीला सुसाट निघालेल्या गाड्या, ताम्हिणीत धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही. तिथं मागून येणारं वाहन आधी कानाला कळतं. डोंगरात आग्या मोहोळाची चाहूल कानालाच लागते, आणि पावसात ओढ्याचा बदललेला आवाजही. म्हणून रस्त्याचा विचार करणारे कान उघडा ठेवणाऱ्या प्रकारांकडे वळतात: गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे शॉक्झसारखे किंवा कानाबाहेर लटकणारे. यांच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. त्यांत कानाचं भोक पूर्ण उघडं असतं, त्यामुळे वारा थेट आत. संथ चालीत आणि झाडीत ते सुरेख चालतात. धरणाच्या मोकळ्या काठावर किंवा सायकलच्या वेगात गाणं फारसं उरत नाही, आणि पुन्हा हात आवाज वाढवायला जातो. त्यांच्यावर लोकरीची सैल कानपट्टी घातली तर बराच फरक पडतो, आणि वाहनं तरीही ऐकू येतात. सायकलसाठी मला हीच जोडी सर्वात शहाणपणाची वाटते. घाटाच्या वळणांवर मात्र काहीच नको.

मोटारसायकलवर हा प्रश्न वेगळाच होतो. हेल्मेटच्या आत वारा हनुवटीखालून शिरतो आणि हेल्मेटच्या कडेवर भोवरे होतात. ताशी 80-90 ला आत इतका गोंगाट असतो की त्यावर गाणं चढवणं म्हणजे कानाला दुहेरी मार. तिथं कान राखायला साधे फोमचे बोळे घालणारे अनुभवी दुचाकीवाले असतात, आणि त्यांचं बरोबर आहे. बोळ्यानं वाऱ्याची घरघर उतरते, हॉर्न तरी ऐकू येतो. शिवाय हेल्मेट चढवताना बड्स सरकतात, टोचतात आणि एखादा घाटात पडला की सापडत नाही.

पावसाळ्यात आणखी एक भान हवं. ओल्या कानात रबरी टोपी तासन् तास दाबून ठेवली की आत दमटपणा साचतो, आणि दमट कानात बुरशी धरते. पावसाळ्यात कानाच्या डॉक्टरांकडे खाजेची तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. खोक्यावरचं आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. हे यंत्रापुरतं आहे, कानाला त्याचा आधार नाही. मायक्रोफोनची जाळी भिजली की एएनसी चित्रविचित्र आवाज काढू लागतं, ती सुकली की थांबतं.

ऐकायचं काय, यानंही फरक पडतो. बोललेला शब्द, मुलाखत, अभिवाचन वाऱ्यात त्यातल्या त्यात टिकतं, कारण त्याचा आवाज एका पातळीवर असतो. ॲपमधल्या इक्वलायझरनं 1000 ते 4000 हर्ट्झचा भाग थोडा उचलला तर एकूण आवाज न वाढवता शब्द सुटे होतात. ख्यालाला हे लागू नाही. तो आडोशाला बसून ऐकावा.

हिंजवडीकरांचा प्रश्न ऐकण्याइतकाच ऐकवण्याचा. आपल्याला पलीकडचं नीट ऐकू येत असतं, आणि पलीकडे मात्र नुसता फरफराट. बड्समध्ये दोन-तीन मायक्रोफोन असतात आणि चिप त्यांची तुलना करते. माणसाचा आवाज सगळ्या मायक्रोफोनना जवळपास सारखा पोचतो. वाऱ्याचे भोवरे प्रत्येकावर वेगळे. सारखं ते ठेवायचं, वेगळं ते टाकायचं, असा हिशोब. काही बड्समध्ये जबड्याच्या हाडातला कंप टिपणारा सेन्सरही असतो, आणि वाऱ्यात तो खरोखर कामाला येतो. ते नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, बड्स काढावेत आणि फोन सरळ कानाला लावावा. तळहाताच्या आडोशाला फोनचा मायक्रोफोन बड्सपेक्षा बरा चालतो.

हाच दोन मायक्रोफोनांचा हिशोब श्रवणयंत्रांतही वापरतात, आणि या सगळ्या विषयात ज्यांचा त्रास खरा मोठा आहे ते लोक म्हणजे श्रवणयंत्र वापरणारे. आपण बड्स काढून खिशात टाकू शकतो. त्यांना तसं करता येत नाही. कानामागच्या यंत्राचा मायक्रोफोन पाळीच्या माथ्यावर, बरोबर वाऱ्याच्या तोंडी असतो. समोरच्याचंच बोलणं उचलण्यासाठी यंत्र दोन मायक्रोफोनची वजाबाकी करतं, आणि त्या वजाबाकीत वाऱ्याची खालच्या पट्टीतली घरघर आणखी फुगते. चांगली डिजिटल यंत्रं वारा ओळखून ती वजाबाकी थांबवतात आणि खालची पट्टी उतरवतात. साध्या यंत्रात हे नसतं, आणि मग शेतावर जाताना आजोबा यंत्र घरी ठेवून जातात. घरच्यांना वाटतं, यांना यंत्र घालायचाच कंटाळा. तसं नसतं. यंत्र घेताना ऑडिओलॉजिस्टला बाहेर उघड्यावर किती वेळ जातो हे आवर्जून सांगावं. मुंबईत बांद्र्याला 1983 पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी यंत्राची जुळणी करून मिळते. कानाच्या नळीत बसणारं यंत्र वाऱ्याच्या आड असतं, पण ते प्रत्येकाच्या श्रवणदोषाला पुरत नाही. कानामागच्या यंत्रालाही माकडटोपीनं पुष्कळ भागतं. टोपी यंत्रावर घट्ट दाबून बसली तर ते शिट्टी वाजवतं, म्हणून ती सैल हवी.

खरेदीची अडचण अशी की खोक्यावर बॅटरीचे तास असतात, पाण्याचा क्रमांक असतो, पण वाऱ्याबद्दल ग्राहकाला तुलना करता येईल असा आकडा नसतो. दुकानात शांततेत लावून पाहिलेला बड ताम्हिणीत कसा वागेल ते कळत नाही. यावर एक साधी परीक्षा आहे. दुकानात टेबलफॅन असतोच. तो पुऱ्या वेगावर लावून हातभर अंतरावर उभं राहायचं, गाणं न लावता बड्स घालायचे आणि मान सावकाश डावीउजवीकडे फिरवायची. आधी एएनसी चालू ठेवून, मग बंद करून, मग पारदर्शक मोडमध्ये. तीनही वेळा फरक ऐकायचा. मग घरी कुणाला तरी फोन लावायचा, पंख्यासमोर उभं राहूनच चार वाक्यं बोलायची आणि त्यांना काय ऐकू आलं ते विचारायचं. दुकानदार थोडा वेळ नाराज होईल, पण पंखा बंद करणार नाही.